मार्लवाईची पाटी

मूल पहिल्या दिवशी शाळेत जाते तेव्हा रिकाम्या हातांनी जात नाही. पाच-सहा वर्षांच्या आयुष्यात त्याने एक सबंध भाषा आत्मसात केलेली असते. नात्यांची नावे, झाडापाखरांची नावे, मागण्याच्या, नाकारण्याच्या, रुसण्याच्या आणि समजूत घालण्याच्या तऱ्हा अशी मोठी शिदोरी ते बरोबर नेत असते. ही शिदोरी शाळेने उघडून पाहावयाची की उंबरठ्याबाहेर ठेवून ये म्हणून सांगावयाचे, यावर त्या मुलाचे पुढचे पुष्कळसे अवलंबून राहते.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदत असलेल्या मराठी घरांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. हैदराबादेतील वडीलधाऱ्यांच्या आठवणीत घरची मराठी आणि शाळेची उर्दू यांचा संसार अजून ताजा आहे. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. अशा राजवटीत मराठी शाळा चालवावयाची म्हणजे केवढे धैर्य लागत असे, हे विवेकवर्धिनीसारख्या संस्थांच्या इतिहासावरून कळते. बेळगावच्या पालकांना तर या विषयावर कोणी काही शिकवू नये. आपल्या लेकराने पहिली अक्षरे आपल्या भाषेत गिरवावीत या इच्छेत दुराग्रह नाही, ते मुलाचे हित आहे, असे आपण सारे मनापासून मानतो.

परंतु याच भूभागात, आपल्या शेजारी, अशीही मुले आहेत की ज्यांच्या भाषेसाठी विवेकवर्धिनी उभी राहिली नाही. ती गोंडांची, कोलामांची, कोरकूंची, भिल्लांची मुले होत. आदिवासी मुलांच्या हक्कांविषयी आज जगभर बोलले जाते, ठराव होतात, दिवस पाळले जातात. ते सारे बाजूस ठेवून आपण एकाच गावाची हकीकत पाहू. ते गाव जुन्या हैदराबाद संस्थानातील आहे आणि त्याच्या हकिकतीत मराठी भाषेचाही वाटा आहे.

जोडेघाटानंतर

आदिलाबाद जिल्ह्याच्या डोंगराळ भागात गोंडांची वस्ती फार जुनी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजाम सरकारने तेथील जंगले राखीव करण्यास आरंभ केला आणि पिढ्यान्‌पिढ्यांची शेते एकाएकी सरकारी हद्दीत गेली. गोंड कुटुंबे उठविली गेली. उरलेली जमीन हळूहळू बाहेरून आलेल्या सावकारांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि कास्तकारांच्या नावे चढू लागली. यांत तेलुगू भाषिक होते, उर्दू भाषिक होते, आणि मराठी भाषिकही होते, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. या अन्यायाविरुद्ध कुमरम भीम या गोंड पुढाऱ्याने उठाव केला. १९४० मध्ये जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात तो आणि त्याचे साथीदार मारले गेले.

गोळीबाराने माणसे मरतात, कारणे मरत नाहीत, एवढे शहाणपण सुदैवाने त्या सरकारातील काही अधिकाऱ्यांपाशी होते. गोंडांच्या असंतोषाची मुळे शोधण्याचे काम क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाकडे आले. हा मूळचा व्हिएन्नाचा विद्वान. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो भारतात होता आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहण्याचे बंधन त्याच्यावर पडले होते. हे बंधन त्याने अभ्यासाकडे वळविले. पत्नी बेटी हिच्यासह तो मार्लवाई या लहानशा गोंड गावी जाऊन राहिला, गोंडी बोलू लागला, त्यांच्या सणावारांत आणि पंचायतींत बसू लागला.

त्याला जे दिसले ते साधे आणि दारुण होते. ज्या कागदावर गोंडाचा अंगठा उठत होता तो कागद गोंडाला वाचता येत नव्हता. पट्टा कोणाच्या नावे आहे, कर्ज किती फिटले, हद्दीची खूण कोठे आहे, हे सारे परक्या माणसाच्या तोंडून ऐकावे लागे आणि त्यावर विश्वास ठेवावा लागे. जमीन परत मिळवून देणे हे पहिले काम होते, आणि पुढे हजारो गोंड कुटुंबांना पट्टे मिळालेही. परंतु मिळालेली जमीन राखावयाची तर घरातील एकाला तरी अक्षर ओळखता आले पाहिजे, हे उघड होते.

गोंडी अक्षरे, नागरी वळण

म्हणून १९४३ मध्ये मार्लवाईला गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. या योजनेतील दोन गोष्टी आजही मनावर ठसतात.

पहिली गोष्ट अशी की शिक्षक बाहेरून आणले नाहीत. थोडेफार लिहितावाचता येणारे जे मूठभर गोंड तरुण सापडले त्यांनाच जमवून शिक्षक केले. त्यांची साक्षरता बहुतांशी मराठीतील होती. बाजारहाट आणि शेजारपाजार मराठी असल्यामुळे त्या पट्ट्यातील गोंडांना मराठी कानावरची होती. दुसरी गोष्ट अशी की मुलांच्या हाती पहिले पुस्तक गोंडी भाषेचे दिले आणि ते छापले देवनागरी लिपीत. मुलाने आधी स्वतःच्या बोलीत वाचावे, लिहावे, मग त्याच अक्षरांच्या आधाराने मराठीकडे जावे आणि पुढे राज्याच्या कारभाराची भाषा शिकावी, असा हा क्रम होता. मोठ्या भाषांना येथे नकार नव्हता. त्यांच्यापर्यंत पोचण्यासाठी पायऱ्या बांधल्या होत्या आणि पहिली पायरी मुलाच्या अंगणात होती.

वाचन म्हणजे काय, याचा क्षणभर विचार केला तर या क्रमाचे मर्म ध्यानी येते. गोंडीत पाण्याला ‘येर’ म्हणतात आणि घराला ‘रोन’. गोंड मूल ‘ये’ आणि ‘र’ ही दोन अक्षरे जुळवते आणि त्याच्या तोंडून ‘येर’ असा ओळखीचा शब्द बाहेर पडतो, त्या क्षणी फळ्यावरच्या खुणा आणि घरची घागर यांचा सांधा जुळतो. तो आनंदाचा क्षण प्रत्येक साक्षर माणसाच्या आयुष्यात येऊन गेलेला असतो. त्याच मुलापुढे ‘पाणी’ किंवा तेलुगूतील ‘नीळ्ळु’ ठेवले तर अक्षरे जुळतात, ध्वनीही उमटतो, परंतु त्या ध्वनीमागे काही उभे राहत नाही. भाषाशास्त्राच्या दृष्टीने गोंडी ही तेलुगूच्याच द्राविड कुळातील आहे. पण त्याने पाच वर्षांच्या मुलाचे काम भागत नाही. संस्कृतोद्भव म्हणून आपल्या मुलाला कोणी बंगाली पाठ्यपुस्तक दिले तर त्याचे जे होईल, तेच येथे होते.

या काळात आदिलाबादेत काम केलेल्या अधिकाऱ्यांत एक नाव मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. सेतुमाधवराव पगडी हे आपल्याला ज्ञात आहेत ते शिवकालाचे इतिहासकार म्हणून. परंतु हैदराबाद संस्थानच्या सेवेत असताना ते गोंडी शिकले आणि त्या भाषेचे व्याकरणही त्यांनी लिहिले. ज्यांच्यावर राज्य करावयाचे त्यांची भाषा अधिकाऱ्याने शिकावी, हा धडा मराठी माणसाने एकदा आदिलाबादेत प्रत्यक्ष गिरवलेला आहे. तो आपण फारसा आठवत नाही, एवढेच.

एक तारीख, दोन घटना

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना अमलात आली आणि हैदराबाद राज्य इतिहासजमा झाले. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे भाग मुंबई राज्यात आले. किनवट आज नांदेड जिल्ह्यात आहे आणि राजुरा चंद्रपूर जिल्ह्यात. उरलेला आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला आणि आता तेलंगणात आहे. मराठी, तेलुगू, कन्नड अशा भाषांना आपापली घरे मिळाली. ज्यांच्या भाषेला राज्य नव्हते त्या गोंडांच्या वस्तीतून मात्र सीमारेषा गेली. एकाच कुळातील, एकाच देवाची पूजा करणारी मुले रेषेच्या अलीकडे मराठी पुस्तक उघडू लागली आणि पलीकडे तेलुगू. मध्य प्रदेशातील त्यांच्या भाऊबंदांपुढे हिंदी पुस्तक आले. मार्लवाईच्या योजनेतील गोंडी पाठ मागे पडले. पुढे १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हायमेनडॉर्फ यांनी या पीछेहाटीबद्दल तीव्र खेद व्यक्त केला आहे.

याच १ नोव्हेंबरला दुसरीही एक गोष्ट घडली. ज्या सातव्या घटनादुरुस्तीने प्रांतरचना झाली त्याच दुरुस्तीने राज्यघटनेत ३५०-अ हे कलम दाखल झाले. भाषिक अल्पसंख्य समाजातील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षण मिळण्याच्या पुरेशा सोयी प्रत्येक राज्याने कराव्यात, असे ते सांगते. महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळांसाठी आपण सारे आजवर ज्या कलमाकडे बोट दाखवीत आलो, ते हेच. ज्या दिवशी गोंड मुलाचा हक्क कागदावर आला त्याच दिवशी त्याचे गाव वाटले गेले आणि त्या वाटणीत त्याची शाळाही हरवली.

गप्प बसणारे मूल

न समजणाऱ्या भाषेच्या वर्गात बसलेले मूल सहसा गडबड करीत नाही. ते गप्प असते. फळ्यावरचे ते सुबक अक्षरात उतरवून घेते, इतरांबरोबर मोठ्याने म्हणते, आणि गुरुजींना वाटते की शिकणे चालले आहे. तिसरी-चौथीत प्रश्न विचारण्याची वेळ आली म्हणजे ते सारे उघडे पडते. मग ‘हे मूल मंद आहे’ असा शेरा बसतो. वस्तुतः त्याला आपल्या रानातील वनस्पतींची, पाखरांची, माशांची जी माहिती असते ती शिकविणाऱ्याला नसते. पण ती विचारण्याची भाषाच वर्गात कोणापाशी नसते. एकदा हा शेरा मुलाने स्वतःही खरा मानला की त्याची शाळा सुटण्यास फार दिवस लागत नाहीत. मुलगी असेल तर धाकट्या भावंडांचे निमित्त आधीच तयार असते.

विरळ, दूरदूरच्या पाड्यांसाठी सरकारने आश्रमशाळा काढल्या. त्यांत दोन वेळचे जेवण आहे, निवारा आहे, पुस्तके आहेत, आणि अनेक आदिवासी तरुण त्यांतूनच पुढे शिकले, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि सहा-सात वर्षांचे मूल आईपासून दूर, परभाषेच्या छपराखाली ठेवताना काय गमावले जाते त्याचाही हिशेब मांडला पाहिजे. रात्री पोटात कळ उठली, ताप चढला, कोणी मोठ्या मुलाने मारले किंवा त्याहून वाईट वर्तन केले, तर हे मूल ते कोणाला आणि कोणत्या शब्दांत सांगणार? दुखणे सांगता न येणे हा आरोग्याचाच प्रश्न आहे. भाषेचा हक्क आणि सुरक्षिततेचा हक्क सरकारी कागदांत वेगवेगळ्या खात्यांकडे असतात. मुलाच्या आयुष्यात ते एकाच रात्री एकत्र येतात.

कॅनडामध्ये एकोणिसाव्या शतकापासून सुमारे दीड लाख मूलनिवासी मुलांना घरांतून नेऊन निवासी शाळांत घातले गेले. तेथे त्यांना आपली भाषा बोलण्याबद्दल शिक्षा होत असे. त्यातील शेवटच्या शाळा बंद होण्यास १९९० चे दशक सरत आले. २००८ मध्ये त्या देशाच्या पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली आणि २०१५ मध्ये चौकशी आयोगाने हा सांस्कृतिक वंशसंहार असल्याचे म्हटले. आपल्या आश्रमशाळा त्या हेतूने निघालेल्या नाहीत आणि दोहोंना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. परंतु मुलाची जीभ बांधली गेल्याने काय होते, याचा तो इशारा आपल्यालाही लागू आहे.

दोन आक्षेप

या विचारावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की आदिवासी पालकांनाच आपल्या बोलीत शिक्षण नको असते, त्यांना नोकरीची भाषा हवी असते. पालकांची ही इच्छा खरी आहे आणि योग्यही आहे. ज्याच्या आज्याची जमीन न वाचता आलेल्या कागदामुळे गेली, त्याला कचेरीची भाषा हवीच. प्रश्न केवळ मार्गाचा आहे. पहिल्या दोन-तीन वर्षांत ज्याचा पाया आपल्या भाषेत पक्का झाला तो पुढची भाषा अधिक चांगली शिकतो, हा मार्लवाईच्या क्रमाचाच अर्थ होता. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा पुरस्कार केला आहे.

दुसरा आक्षेप असा की या लहानसहान बोली आहेत, त्यांना ना लिपी ना पुस्तके. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार लोक होते. त्याच गणनेत कोकणीचे सुमारे साडेबावीस लाख, मणिपुरीचे साडेसतरा लाखांच्या आसपास आणि बोडोचे पंधरा लाखांहून थोडे कमी होते. या तिन्ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहेत. गोंडी नाही. लिपीचे म्हणाल तर आदिलाबादेतीलच गुंजाळा या गावी गोंडीची स्वतंत्र लिपी असलेली जुनी हस्तलिखिते या शतकाच्या पहिल्या दशकात उजेडात आली, आणि आता ती लिपी संगणकावरही उमटते. पुस्तकांचे म्हणाल तर २००४ च्या सुमारास आंध्र प्रदेश शासनाने आठ आदिवासी भाषांतून आरंभीचे शिक्षण देण्याचा उपक्रम हाती घेतला होता. गोंडी आणि कोलामी त्यांत होत्या. म्हणजे पुस्तके होऊ शकतात. अशा उपक्रमांना उणीव भासते ती सातत्याची. ते सुरू होतात, अधिकारी बदलतो, आणि पुस्तके कपाटात जातात.

आपल्याच दारातला प्रश्न

येथवर वाचून कोणी म्हणेल की हा तेलंगणाचा प्रश्न झाला. तसे नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मोहगाव म्हणून गाव आहे. तेथील ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच्या हिमतीवर गोंडी माध्यमाची शाळा उघडली. आदिवासी क्षेत्रातील ग्रामसभेला आपली संस्कृती जपण्याचा अधिकार आहे आणि घटनेने मातृभाषेतील शिक्षणाचा शब्द दिला आहे, ही तिची भूमिका. शाळेला मान्यता नाही म्हणून शिक्षण खात्याने २०२२ मध्ये ती बंद करण्याची नोटीस बजावली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. मान्यतेवाचून शाळा चालविल्यास दिवसाला दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात आहे. त्याच कायद्यात, शक्य तोवर शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावे, असेही वाक्य आहे. एका वाक्यामागे दंड उभा आहे. दुसऱ्यापुढे ‘शक्य तोवर’ एवढेच शब्द.

सीमेपलीकडील राज्याने मराठी शाळेबाबत आखडता हात घेतला म्हणजे आपल्याला जे वाटते, ते मोहगावच्या आईबापांना मराठी राज्याविषयी वाटले असेल, तर त्यांना उत्तर काय द्यावे? महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला हा प्रश्न अधिक टोचावा, कारण दुबळ्या भाषेच्या बाजूला उभे राहणे म्हणजे काय ते त्याने भोगले आहे. हक्काची मागणी आपल्यापुरती असते तोवर तिला गाऱ्हाणे म्हणतात. आपल्याहून दुबळ्यासाठी तीच केली म्हणजे तिला तत्त्वाचे वजन येते.

मराठी समाजापाशी या बाबतीत दाखविण्यासारखे मोठे उदाहरणही आहे. बडोदे-भावनगरकडील वाचकांना गिजुभाई बधेका यांच्या सहकारी म्हणून ताराबाई मोडक ठाऊक असतील. त्यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालवाडी काढली. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी त्यांचे काम उभे राहिले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडी पाड्याच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली. महागड्या साहित्याऐवजी शिंपले, बिया, पाने, खडे यांनी मोजणे शिकविले. आधी आंघोळ, मग खाऊ, मग गाणी, असा मुलाला सोसेल तसा दिवस लावला. आज देशभर रूढ असलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द ऐकताना त्या अंगणाची आठवण ठेवली पाहिजे.

१९८९ च्या बालहक्क करारातील तिसावे कलम सांगते की आदिवासी मुलाला आपल्या समाजासमवेत आपली संस्कृती जगण्याचा आणि आपली भाषा बोलण्याचा हक्क नाकारता येणार नाही. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला. आदिवासी समाजांना स्वतःच्या भाषेत स्वतःच्या शाळा चालविण्याचा हक्क मान्य करणाऱ्या २००७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या घोषणापत्रालाही भारताने अनुकूल मत दिले. तेव्हा कायद्यांची वाण नाही. ते पाळले जावेत असा आग्रह धरणाऱ्या शेजाऱ्यांची वाण आहे.

हे शेजारपण आपल्याला अवघड नाही. आदिलाबाद, झाबुआ, बैतूल या भागांत नोकरीनिमित्त राहणारी मराठी कुटुंबे थोडी नाहीत. डॉक्टर असेल त्याने दुखण्याखुपण्याचे पन्नास शब्द गोंडीत, भिलीत किंवा कोरकूत शिकावेत. शिक्षिका असेल तिने वर्गातील मुलांकडून त्यांच्या आकड्यांची नावे विचारून घ्यावीत. ‘उंदी, रंड, मुंद, नालुंग’ असे चार आकडे बाईंच्या तोंडून ऐकले की गोंड मूल कसे मान वर करते ते तिने स्वतः पाहावे. आपल्या मंडळांनी मराठी शाळांसाठी निवेदन देताना त्याच निवेदनात प्रांतातील आदिवासी भाषांचाही उल्लेख करावा. याला पैसा लागत नाही.

मार्लवाई आज तेलंगणाच्या कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. बेटी १९८७ मध्ये वारल्या, हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये. दोघांच्या समाध्या त्याच गावी शेजारी शेजारी आहेत आणि गोंड लोक त्या आपुलकीने जपतात. याच गावच्या कनक राजू यांना गुसाडी नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. २०२४ मध्ये ते निवर्तले. गोंडांच्या नाचाला दिल्लीत मान मिळाला ही आनंदाची गोष्ट आहे. आता त्यांच्या नातवंडांना पहिलीच्या वर्गात, गोंडीत, पाण्याला ‘येर’ असे लिहू दिले जावे. १९४३ साली ते शक्य झाले होते.